देव उठवता येतो का?

गाव उठलं तर गावच्या देवाचं काय करायचं, हा रकाना पुनर्वसनाच्या यादीत मी अजून पाहिलेला नाही. घरं मोजतात, माड-फणस मोजतात, गुरं मोजतात. खानापूर तालुक्यात, माझ्या आजोळच्या पट्ट्यात, सध्या ही मोजणी चाललेली असल्यामुळे मला तो रकाना फार आठवतो.

भीमगडचं हे रान २०११ साली अभयारण्य झालं. म्हादई इथेच उगम पावते. रानात विखुरलेल्या वाड्या बोलायला मराठी, राज्य कर्नाटकाचं, आणि देव अर्धे गोव्याचे. तळेवाडीच्या कुटुंबांना सरकारने २०२५ साली पैसे देऊन बाहेर हलवायला सुरुवात केली. कुटुंबामागे पंधरा लाख. लोक रडत निघाले असं चित्र मनात आणू नका. रस्ता धड नाही, पावसात नाल्यांना पाणी चढलं की आजारी माणसाला डोलीत घालून खांद्यावरून न्यायचं, शाळा लांब. त्यांना जायचंच आहे. बंगळूरच्या राजाजीनगरात दुसऱ्या मजल्यावर, चोवीस तास दिवे असलेल्या घरात बसून मी त्यांना ‘राहा रे, रानाची शोभा जाते’ म्हणणं निलाजरेपणाचं होईल. मी स्वतः लग्न करून निघालेच की.

पण सातेरीचं काय?

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आजोळची सातेरी म्हणजे वारूळ. मूर्ती नाही, घडवलेला दगड नाही. लाल मातीचं, माझ्या लहानपणी माझ्या डोक्याच्या वर जाणारं वारूळ आणि त्याच्यावर कौलारू छप्पर. सणावाराला पुजारी त्यावर पितळी मुखवटा चढवायचा, साडी नेसवायचा. पावसाळ्यानंतर वारूळ वाढलेलं दिसलं की म्हाताऱ्या बायका म्हणत, आई अंगाने भरली. वाळवी आतून बांधत असते आणि बाहेरून गाव हात जोडत असतं. छप्पर अपुरं पडलं म्हणून एकदा वासे वर उचलल्याचं आई सांगायची. वाढणाऱ्या देवाला माणसांनी जागा करून द्यायची, एवढा सरळ व्यवहार होता. ही देवी टेम्पोत कशी घालणार?

शास्त्रात सोय आहे, असं आमच्या इथल्या देवळातले अर्चक सांगतात. देवळाचं काम काढायचं झालं की मूर्तीतलं देवत्व मंत्राने कलशात घेतात. त्याला ते कलाकर्षण म्हणतात. कलशाची पूजा तात्पुरत्या बालालयात चालते, काम झालं की पुन्हा मूर्तीत. ‘देव म्हणजे शक्ती, अम्मा. दगड नव्हे,’ असं ते मला अर्ध्या कन्नडात, अर्ध्या संस्कृतात समजावतात. पटतं. पण ही सोय प्राणप्रतिष्ठा झालेल्या देवाची. जी कुणी बसवलीच नाही, जमिनीतून आपण होऊन वर आली, तिला उठवायचा मंत्र त्यांच्याकडेही नाही.

इतिहासाकडे बघावं तर देव हललेले आहेत, आणि लांबवर हललेले आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आज तीच त्यांची गावं वाटतात. आमच्या नळाला येणाऱ्या कावेरीच्या पोटातही अशीच एक गोष्ट आहे. कृष्णराजसागर बांधलं तेव्हा कन्नंबाडीचं होयसळकालीन वेणुगोपालाचं देऊळ पाण्यात गेलं. अनेक दशकांनी त्याचे दगड एकेक करून काढून होस कन्नंबाडीला पुन्हा रचले. आता तिथे सहली जातात.

लेक शेफील्डला असते, त्यामुळे बुडालेलं गाव मला तिकडेही भेटलं. रविवारी जाड बूट चढवून डोंगरात चालायला जाणं हा तिच्या घरचा कुळाचारच झालाय. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ सालचं, पण ‘राष्ट्रीय उद्यान’ ऐकून आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते तिथे काहीच नाही. जीप नाही, वाघ नाही, कुंपण आहे ते मेंढ्यांसाठी. पायवाट शेतकऱ्याच्या कुरणातून जाते. फाटक उघडायचं, आत जायचं, न विसरता लावायचं, लेंड्या चुकवत पुढे. उद्यानाच्या हद्दीत गावं नांदताहेत. चर्च, पब, दूधवाला, सगळं. अडतीस हजारांच्या आसपास माणसं तिथे राहतात. उद्यान केलं म्हणून कुणाला उठवलं नाही. आपला १९७२ चा वन्यजीव कायदा राष्ट्रीय उद्यानात माणसाचे हक्क शिल्लक ठेवत नाही. रान शुद्ध राखायचं तर आधी माणूस वजा करा, हा त्याचा हिशेब. (अभयारण्यात थोडी सवलत असते, तेवढ्यावर भीमगडची गावं आजवर टिकली.) अर्थात त्यांच्याकडे हत्ती आणि अस्वलं नाहीत, तेव्हा त्यांच्या शहाणपणाचं फार कौतुकही नको.

उद्यानासाठी नाही, तरी पाण्यासाठी त्यांनीही गावं उठवलीच. लेडीबोवर धरणाखाली १९४० च्या दशकात डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावं गेली. डरवेंटच्या लोकांनी काय केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. चर्चच्या आवारातली प्रेतं उकरून काढून बॅमफर्ड गावच्या दफनभूमीत पुन्हा पुरली. खेचरांच्या वाटेवरचा जुना दगडी पूल सुटा करून वरच्या अंगाला नेऊन बांधला. चर्चचा मनोरा मात्र आठवण म्हणून पाण्यात उभा ठेवला आणि शेवटी धोक्याचा म्हणून डिसेंबर १९४७ मध्ये सुरुंग लावून पाडला. धरणाच्या भिंतीशी जावयाने हे सगळं सांगितलं तेव्हा मी विचारलं, मग देव कुठे गेला? तो म्हणाला, आई, त्यांचा देव काही त्या इमारतीत नसतो. मग पूर्वजांची हाडं कशाला नेली, हा माझा पुढचा प्रश्न त्याने वाऱ्यावर सोडला.

त्याच उद्यानाच्या दक्षिण टोकाला टिसिंग्टन आहे. तिथले झरे दरवर्षी असेन्शन डेला, ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी, फुलांनी सजवतात. लाकडी पाट पाण्यात भिजवून त्यावर ओल्या चिकणमातीचा थर देतात, वाळू नये म्हणून मातीत मीठ घालतात. चित्राची रेघ आल्डर झाडाच्या बारीक काळ्या बोंडांची. मग पाकळ्या. त्या खालून वर लावत जायच्या, कौलांसारख्या एकीवर एक, म्हणजे पाऊस पडला तर पाणी ओघळून जातं. बायका-पुरुष दिवसच्या दिवस वाकून हे करतात, आणि आठवडाभरात ते सगळं कोमेजतं. पाद्री झऱ्याझऱ्याशी थांबून प्रार्थना म्हणतो. चौदाव्या शतकातल्या प्लेगात या पाण्याने गाव वाचवलं असं कुणी सांगतं, १६१५ च्या दुष्काळात झरे आटले नाहीत असं कुणी. मी नकळत चप्पल काढायला वाकले होते. लेकीने कोपराने ढोसलं.

तिथे मला जावयाच्या उत्तरातली उणीव सापडली. देव सर्वत्र आहे, हे आपल्याकडचे वेदान्तीही म्हणतात. माझा मामा तर दर दोन वाक्यांनी म्हणतो. सर्वत्र असलेल्या देवाला पत्ता लागत नाही, हे खरं. पण जत्रेला लागतो, नवसाला लागतो, गाऱ्हाणं घालायला लागतो. टिसिंग्टनचं पाणी गाव उठलं तरी वाहील. फक्त ते कुणाचं नसेल. माझ्या मते ग्रामदेवता वारुळात नसते आणि भक्ताच्या मनातही नसते. वासे वर उचलणाऱ्या हातांत आणि त्या वारुळात जे येणं-जाणं असतं, ती देवी. दोन्ही बाजू जागेवर असतील तर ती असते. गोव्याचे देव नव्या जागी रुजले ते यामुळेच: महाजन, पुजारी, भाविक सगळे मागोमाग आले, सेवा करणारे हात तेच राहिले. मूर्ती नेली हे निम्मंच झालं.

आमच्या केतमारनहळ्ळीचं उलट झालं. लोक गेले नाहीत, शहरच चालत आलं आणि गाव राजाजीनगरच्या पोटात गेलं. बंगळूरभर अशा गिळलेल्या हळ्ळ्या आहेत. शेतं गेली, तळी गेली, पण अम्माचं देऊळ रस्त्याच्या मधोमध का होईना, उभं असतं, कारण तिचं देणं लागणारी घरं चार गल्ल्यांत का होईना, आहेत.

भीमगडच्या पैशांची अडचण इथे आहे. पंधरा लाख कुटुंबाला मिळतात. एक कुटुंब खानापुरात जागा घेईल, एक बेळगावात भाड्याने राहील, एक पोरगा गोव्यात हॉटेलात लागेल. सातेरी कुठल्या रेशनकार्डावर आहे? ती सगळ्यांची, म्हणून ती कुणाच्याच खात्यात नाही. नव्या जागी वारुळाची मूठभर माती नेऊन ठेवतील म्हणावं, तर ‘नवी जागा’ एक असायला हवी ना.

तेव्हा वनखात्याच्या आणि महसूलच्या साहेबांना माझं सांगणं एवढंच आहे. कुटुंबांना घरासाठी पैसे द्याच, वर गावाला मिळून एक सामाईक जागा द्या, चार गुंठे पुरतील, आणि तिच्यावर गावाचं नाव घाला. आणि जुन्या ठिकाणी वर्षातून एक दिवस, जत्रेचा, फाटक उघडं ठेवा. महाशिवरात्रीला मुंबईच्या संजय गांधी उद्यानात कान्हेरीला हजारो लोक जातात, बिबटे तरीही आहेतच. आमचे तर जेमतेम शंभर-दोनशे लोक येतील, संध्याकाळच्या आत परत जातील, आणि फाटक लावून जातील.