राखणाऱ्याचे देणे

डोंबिवलीहून कल्याण-शीळ रस्त्याला लागले की आजूबाजूला काटई, निळजे, कोळे, घेसर, हेदुटणे ही गावे येतात. आज बहुतेकांना ही नावे गृहसंकुलांच्या जाहिरातींमुळे ठाऊक आहेत, पण ही मूळची भाताची गावे. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसाबरोबर पेरायचे, आषाढात आवणी करायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी उरकून जमिनीतल्या ओलीवर वाल घ्यायचा. इथल्या आगरी आणि कुणबी घरांची कितीतरी वर्षे या क्रमाने गेली.

या शेतांवर इमारती उभ्या राहतात तेव्हा दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ‘माणसे वाढणार, तर घरे लागणारच.’ दुसरे, ‘शेतकऱ्यालाच विकायची होती, त्याला कोण काय करणार?’ दोन्ही वाक्यांत तथ्य आहे. गिरगाव-परळच्या चाळीतून उठून डोंबिवलीला दोन खोल्या घेणाऱ्या माणसाने काही पाप केलेले नाही. डोक्यावर छप्पर हवे ही गरज खरीच आहे. पण दोन्ही वाक्यांतून एक प्रश्न निसटतो. शेत राखायचे असेल, तर राखण्याचा खर्च कोणी सोसायचा? हा प्रश्न आपण शहरातल्या माणसांनी आजवर स्वतःला विचारलेला नाही.

शेत तयार होते कसे, हे आधी पाहू. उल्हास खाडीकाठची शेती माणसाने हाताने घडवलेली आहे. बांध घालून खारे पाणी थोपवायचे, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, आणि काही पावसाळ्यांत मातीतले मीठ धुऊन निघाले की तिथे भात लावायचा. हे पिढ्यांचे काम होते आणि ते करणारे बहुतेक कुळे होते. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे जमिनीचे मालक ठरले. आजोबांच्या घामाला नातवाच्या सातबाऱ्यावर जागा मिळाली.

मग तो नातू जमीन का विकतो? लोभ हे उत्तर सोपे आहे आणि बरेचसे अन्यायाचे आहे. भातशेतीत पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरते. शेजारच्या शेतावर भराव पडला की ही वाट बंद होते. वरच्या शेतात पाणी तुंबते, पीक कुजते. नव्या वस्तीचे सांडपाणी ओढ्यात येते, मजूर मिळत नाही, वारसांची नावे वाढत जातात. पहिल्या शेतकऱ्याने कदाचित मनाने विकलेले असते. दहाव्याला मात्र नऊ भरावांच्या मध्ये अडकून विकावे लागते. त्याच्या सहीला आपण ‘मर्जी’ म्हणतो, तेव्हा आपण पुरेसा विचार केलेला नसतो.

आणि शेतकऱ्याला जमीन नकोच असते हेही खरे नाही. कल्याणजवळच्या नेवाळीचे उदाहरण पाहा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने विमानतळासाठी तिथल्या जमिनी घेतल्या. युद्ध संपले, धावपट्टी पडून राहिली, शेतकरी आजूबाजूला पुन्हा पेरू लागले. नौदलाने तिथे भिंत बांधायला घेतली, तेव्हा २२ जून २०१७ रोजी आंदोलन पेटले. गाड्या जाळल्या गेल्या, पोलीस आणि गावकरी दोघेही जखमी झाले. त्या हिंसेचे समर्थन करता येणार नाही. पण पाऊणशे वर्षांनंतरही माणसे त्याच मातीवर हक्क सांगत उभी राहिली, याचा अर्थ तरी समजून घ्यायला हवा.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. मुंबई महानगर प्रदेशाच्या १९९९ साली मंजूर झालेल्या प्रादेशिक योजनेत हरित विभाग आखलेले होते. पण नकाशावर हिरवा रंग भरला की शेत वाचत नाही. त्या रंगामुळे शेतकऱ्याच्या जमिनीचा भाव दबून राहतो, आणि राखणीबद्दल त्याच्या हाती काहीच पडत नाही. पुढे रंग बदलला की भाव वाढतो, आणि तोवर जमीन पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते. राखले त्याने, आणि लाभ झाला भलत्यालाच. नीतीच्या दृष्टीने मला यातली हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते.

कल्याण-डोंबिवलीभोवतालच्या २७ गावांचा वाद आपल्याला पाठ आहे. ही गावे २००२ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेतून बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. मार्च २०२० मध्ये त्यांतली १८ गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उच्च न्यायालयाने तो रद्द केला. याच गावांपैकी दहांमध्ये सुमारे १,०८९ हेक्टरांवर ‘कल्याण विकास केंद्र’ उभारण्याची योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) आखली. कर कोण घेणार, पाणी कोण देणार, परवानगी कोणाच्या हाती, यावर वर्षानुवर्षे भांडण झाले. उरलेल्या शेताचे काय करायचे, याला त्या भांडणात फारशी जागा मिळाली नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात मात्र शेत राखण्याची जाण दिसते. बागायती, बहुपिकी जमीन अगदी शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी, असे त्याचे दहावे कलम सांगते. पण रस्ते, रेल्वे, कालवे यांसारख्या प्रकल्पांना त्यातून सूट आहे, आणि खासगी खरेदी-विक्रीला ते कलम लागूच होत नाही. शहराभोवतालची बरीच जमीन तर याच दोन वाटांनी जाते.

राखण शक्य आहे, हे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याने दाखवले आहे. वसईच्या बागायती पट्ट्यावर नागरीकरणाचा आराखडा आला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. धर्मगुरूने केळीच्या आणि फुलांच्या बागांसाठी रस्त्यावर यावे, याला त्यांनी धर्माचेच काम मानले. सगळे वाचले नाही, पण लोक उभे राहिले म्हणून पुष्कळ टिकले.

लोकांच्या निर्धाराला कायद्याची आणि पैशाची जोड लागते. अमेरिकेत वॉशिंग्टनला लागून असलेल्या माँटगोमेरी काउंटीने १९८० मध्ये सुमारे ९३ हजार एकर शेती राखीव केली. शेतकऱ्याला नुसते ‘बांधू नकोस’ असे सांगितले नाही. त्याच्या बांधकामाचा हक्क जमिनीपासून वेगळा केला. तो हक्क शहरातला बिल्डर विकत घेतो आणि ठरवून दिलेल्या भागात जास्त बांधतो. पैसा शेतकऱ्याला मिळतो, शेत शेतच राहते. आपल्याला ही कल्पना परकी नाही. टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, हा शब्द ठाण्यात लहान मुलालाही माहीत असेल. रस्त्यासाठी जागा सोडणाऱ्याला आपण तो देतो. भाताचे खाचर खाचरच ठेवणाऱ्याला का देऊ नये?

हे दान नव्हे. एका हेक्टरच्या खाचरात अर्धा फूट पाणी उभे राहिले, तर ते सुमारे पंधरा लाख लिटर होते. तेवढे पाणी ते शेत थोपवून धरते आणि हळूहळू जिरवते. २००५ च्या जुलैतला आणि २०१९ च्या जुलैतला पूर उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठच्या माणसांनी भोगला आहे. पुराचे पाणी थोपवण्याचे काम शेतकरी फुकट करत होता. त्या कामाचा मोबदला हे शहराचे देणे आहे, आणि देणे चुकवणे हा उपकार नसतो.

मग आपण, तुम्ही आणि मी, काय करायचे? विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. आपल्या इमारतीसमोरचा रस्ता रुंद व्हावा म्हणून आपण अर्ज करतो. यापुढे एक अर्ज शेतासाठीही करावा: उरलेली सलग खाचरे, ओढे आणि उघाड्या नोंदवा, तिथे भराव रोखा, आणि राखणाऱ्याला टीडीआर किंवा वार्षिक मोबदला द्या. त्यासाठी करात चार पैसे जास्त पडले तर तक्रार करू नये. अशाच शेतजमिनींवर आपली घरे उभी आहेत, आणि उरलेल्या शेतांची राखण फक्त शेतकऱ्याच्या माथी मारण्याचा हक्क आपल्याला नाही.