मनीऑर्डरी आटल्या तेव्हा

चि. मुक्ता हिस,



तुझं पत्र परवा मिळालं. फोन हाताशी असताना तू कागदावर लिहितेस, याचं तुझ्या आजीला इतकं कौतुक की तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. रत्नागिरीत खोली बरी मिळाली, डबा वेळेवर येतो, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण खरा आनंद झाला तो तुझ्या प्रश्नाचा. स्थूल अर्थशास्त्राच्या पुस्तकात तू वाचलंस की सगळ्यांनीच एकदम बचत करायची ठरवली तर देशाचं उत्पन्न घटतं, केन्सने १९३६ सालच्या ग्रंथात हेच मांडलं, आणि मग तू विचारलंस, "आबा, म्हणजे तुमची काटकसर देशाला मारकच म्हणायची का?" बाळा, असा प्रश्न पडणं म्हणजे अर्धा अभ्यास झाला. उरलेला अर्धा मात्र सावकाश करायचा आहे, म्हणून हे लांबलचक पत्र.

मी पोस्टात होतो तेव्हा आपल्या गावात पैसा यायचा तो मुंबईहून, मनीऑर्डरीने. घरटी एक तरी माणूस गिरणीत, गोदीत नाहीतर कुणाच्या पेढीवर. फॉर्मच्या खालच्या पट्टीवर दोन ओळींचा निरोप असायचा, 'भात लावून घ्या, आईला औषध आणा', आणि तो आधी वाचून दाखव म्हणून म्हातारी माणसं हट्ट धरायची. पैसे मोजायचे, अंगठा घ्यायचा, साक्षीदाराची सही घ्यायची, नि पुढच्या घरी जायचं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. थोड्याच महिन्यांत माझी पिशवी हलकी झाली, आणि पुष्कळ चाकरमानी गणपतीची वाट न बघता ट्रंक घेऊन घरी आले.

आता नीट बघ काय झालं ते. ज्यांच्या घरचा माणूस गिरणीत होता त्यांनी हात आखडला, हे ओघानेच आलं. पण ज्यांचा संपाशी काही संबंध नव्हता, त्यांनीही भीतीने आखडला. घरावर नवी कौलं घालायची ती पुढच्या वर्षावर गेली, म्हणून गवंड्याचं काम गेलं. गवंड्याने दुकानात उधारी केली, म्हणून दुकानदाराने माल कमी भरला. आणि माल कमी आला म्हणून तो वाहून आणणाऱ्या बैलगाडीवाल्याच्या दारात गाडी उभी राहिली. प्रत्येक घर शहाणपणानेच वागत होतं, त्यातल्या एकालाही मी चूक म्हणणार नाही. तरीसुद्धा सगळ्यांचं मिळून गाव आणखी गरीब झालं. एका घराला जे खरं ते सगळ्या घरांना मिळून खरं असतंच असं नाही. तुझ्या त्या विषयाचं बीज इथे आहे, आणि ते कळलं की पुढचे धडे परके वाटत नाहीत.

गुणकाचं सूत्र तुम्हाला शिकवतील. मिळालेल्या रुपयातले ८० पैसे माणूस खर्च करतो असं धरलं तर ते दुसऱ्याचं उत्पन्न होतं, तो त्यातले ६४ पैसे खर्च करतो, आणि अशी बेरीज करत गेलं की मूळ १ रुपयाचे ५ होतात. उत्पन्न बुडालं तर हेच गणित उलटं चालतं, ते मी वर सांगितलं. पण सूत्र पाठ करून थांबू नकोस, ते आपल्या गावाला लावून बघ. आपला दुकानदार तेल, साखर, कांदे आणायचा घाटावरून, म्हणजे आलेला रुपया दुसऱ्या हाती पडायच्या आतच कुंभार्ली घाट चढून कराडकडे निघून जायचा. इतकी वर्षं मनीऑर्डरी येऊनही कोकणात धंदे का उभे राहिले नाहीत, याची कारणं अनेक आहेत, पण ही गळती त्यातलं एक मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे.

मग काटकसर वाईट का? नाही ग. तुझ्या नावाने पोस्टात दरमहा जी रक्कम टाकतो ती डब्यात पडून राहत नाही, सरकारच्या हाती जाऊन कामाला लागते. बचत गुंतवणुकीत उतरत राहिली तर देश तिच्यावर वाढतो. विपरीत घडतं ते सगळी घरं एकाच वेळी भिऊन खर्च थांबवतात आणि नवं काही उभारायला कुणी पुढे येत नाही तेव्हा. अशा वेळी हात सैल सोडायचा तो सरकारने. आणि हे ओळखणारा माणूस केन्सच्या पुस्तकाआधी आपल्याच गुहागर तालुक्यात, कोतळूकला जन्माला आला होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं १९०२ सालचं अंदाजपत्रकावरचं भाषण ग्रंथालयातून मिळव. इंग्रज सरकारने विलायतेला पाठवायची रक्कम पौंडात असे. रुपया घसरला होता तेव्हा ती भागवायला कर वाढवले, पुढे रुपया सावरला तरी कर तसेच ठेवले, आणि लोक दुष्काळात होरपळत असताना सरकारी तिजोरीत वर्षामागून वर्ष शिल्लक पडत गेली. घरात शिल्लक म्हणजे भूषण, पण त्या शिलकीला गोखल्यांनी अन्याय म्हटलं, तेही आकडे मांडून. १९०३ साली मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला, १९०७ पर्यंत एक रुपयावर. एवढं बळ नीट वाचलेल्या आकड्यांत असतं, मुक्ता.

तुझ्या चांगुलपणाची मला काळजी नाही, मेहनतीचीही नाही. धास्ती आहे ती घाईची. तू लिहितेस की राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा रटाळ आहे, तो सोडून 'महत्त्वाचे प्रश्न' करणार. असं करू नकोस. तोच धडा हळू वाच. समज, बागायतदाराने १०० रुपयांचा आंबा कारखान्याला दिला आणि कारखान्याने त्याचा रस डबाबंद करून १६० ला विकला, तर देशाच्या उत्पादनात २६० नव्हे, १६० धरायचे; आंबा त्या डब्यात आलाच आहे. गिरणीतल्या मुलाचा पगार मुंबईच्या उत्पादनात मोजला गेला, म्हणून त्याने आईला धाडलेली मनीऑर्डर पुन्हा मोजायची नाही. तसंच महागाईचं. दर ६ टक्क्यांवरून ४ वर आला की लोक म्हणतात भाव उतरले. भाव चढतच असतात, फक्त चढण्याचा वेग कमी झालेला असतो. रिझर्व्ह बँकेला जे ४ टक्क्यांचं लक्ष्य दिलंय, दोन टक्के इकडेतिकडे चालतील असं, तेही या वेगाचंच.

पहाटे उठायची तुझी सवय तिथे मोडली नसेल, असं धरून चालतो. आंघोळ उरकून, मऊभात नसला तर नसला, निदान चहा घेऊन, कुणी उठायच्या आत एकच पान वाच, आणि त्यातली आकृती पुस्तक मिटून स्वतः काढ. दुसरं असं की खर्चाची वही तू लहानपणापासून लिहितेसच. तिच्या शेवटच्या पानावर तूरडाळ, तेल, नारळ आणि घरी यायचं एस.टी.चं भाडं यांचे भाव दर महिन्याला टिपून ठेव. वर्ष भरलं की टक्केवारी काढ आणि सरकारी आकड्याशी ताडून बघ. फरक दिसेल. तो का दिसतो ते सरांना विचार, लाजू नकोस.

आजीने कोकमं आणि मेतकूट बांधून ठेवलंय, शेजारचा बाळू सोमवारी रत्नागिरीला येणार आहे त्याच्याबरोबर पाठवतो. परीक्षा जवळ आली म्हणून जागरणं करू नकोस. आणि पुढच्या पत्रात ते गुणकाचं गणित ८० पैशांऐवजी ५० पैसे धरून, पायऱ्या न गाळता, तुझ्या अक्षरात सोडवून पाठव.

तुझे,
आबा