नऊपर्यंतचा नियम

एखादी गोष्ट नऊ वेळा खरी ठरली, म्हणून ती दहाव्या वेळीही खरी ठरेलच, असे मानावे काय? प्रश्न वरवर तर्कशास्त्राचा दिसतो; परंतु घरातील आचार, वडीलधाऱ्यांची शिकवण आणि मुलांच्या शंका यांच्याशी त्याचा फार निकटचा संबंध आहे. त्याचा विचार आम्ही येथे एका प्रचंड संख्येच्या आधारे करणार आहोत.

११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. ११११ चा १२३४३२१. हीच पायरी चढत नऊ एकांच्या संख्येपर्यंत गेल्यास वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती एकच. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत जी अठरा स्थाने सांगितली आहेत, त्यांतील सतरावे स्थान 'मध्य' हे होय. ही संख्या तेथवर पोहोचते. सेकंदास एक याप्रमाणे अहोरात्र मोजू लागल्यास ती संपण्यास सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षे लागतील! देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांच्या कुळास 'डेम्लो' हे नाव देऊन १९३८ मध्ये त्यांवर लेख प्रसिद्ध केला.

आता दहा एक घ्यावेत. वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. ती सुंदर रचना एकाएकी मोडली! असे का व्हावे?

कारण साधे आहे. नऊ एकांचा गुणाकार मांडला म्हणजे एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली, अशा पडतात. मधल्या उभ्या रांगेत नऊ एक येतात, बेरीज नऊ. दहा ओळी झाल्या की मधली बेरीज दहा होते, शून्य मांडून हातचा एक डावीकडे जातो आणि पुढील अंक बदलतात. म्हणजे गणित चुकले नाही. चुकली ती आपली अपेक्षा. ज्याने केवळ अंकांची शोभा पाहिली, तो दहाव्या पायरीवर फसला. ज्याने हातच्याचा विचार केला, त्यास नियम कोठवर चालेल हे आधीच ठाऊक होते.

याच कारणाला आपल्या परंपरेत उपपत्ती म्हणतात. ज्यांच्या 'ग्रहलाघवा'वर पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे झाली, त्या कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली, आणि तीत नियमांच्या उपपत्ती दिल्या. भास्कराचार्यांसारख्यांचे वचन असूनही त्यांनी 'का?' हा प्रश्न अनादराचा मानला नाही.

मग आपण धारगळच्या आपल्या घरांत तो अनादर का मानावा? तिन्हीसांजेस केर काढू नये, असे आजी सांगते. दिव्याच्या मंद उजेडात एखादा मोलाचा जिन्नस केराबरोबर जाऊ नये, ही त्याची उपपत्ती जाणती माणसे सांगतात. ती कळली की नियमाचा मानही राहतो आणि त्याची मर्यादाही दिसते. परंतु ज्या घरात विधवा सुनेस हळदीकुंकवाच्या वेळी आतल्या खोलीत बसविले जाते, तेथे एखाद्या नातीने 'का?' विचारले, तर 'असेच चालत आले आहे' याखेरीज कोणते उत्तर आपणांपाशी आहे? नऊ पिढ्या चालत आले, ही केवळ मोजणी झाली, उपपत्ती नव्हे.

याचा अर्थ जुने तेवढे टाकावे, असा मुळीच नाही. दहाव्या पायरीवर रचना मोडली म्हणून पहिले नऊ वर्ग खोटे ठरत नाहीत. आमचे म्हणणे इतकेच की, मुलाने कारण विचारले असता त्यास गप्प बसवू नये. कारण ठाऊक असेल तर ते सांगावे. नसेल तर त्याच्यासह शोधावे. आणि शोधूनही न सापडल्यास, जो आचार दुसऱ्याच्या जिवास दुखवितो, तो सोडण्याचे धैर्य धरावे. हे धैर्य श्रद्धेच्या विरुद्ध नाही. श्रद्धेला शोभा येते ती यानेच.