दोन तासांचा आवाज, बारा तासांची पाळी

कामगाराच्या कानावर किती मोठा आवाज किती वेळ पडू द्यायचा, याचे कोष्टक आपल्याकडच्या कारखाना नियमांत आहे. आवाज ९० डेसिबल असेल तर आठ तास, ९५ असेल तर चार, १०० असेल तर दोन आणि १०५ वर गेला तर जेमतेम एक तास. धोट्यावर चालणाऱ्या साध्या यंत्रमागांच्या शेडमध्ये हा आकडा सहसा ९५ ते १०० च्या घरात असतो. यंत्रमागांचे शहर असलेल्या भिवंडीत पाळी बारा तासांची. म्हणजे नियमाने जेवढी मुभा आहे तिच्या तिप्पट ते सहापट वेळ माणूस त्या खडखडाटात उभा असतो आणि हे वर्षानुवर्षे चालते.

अशा शेडमध्ये पाऊल टाकले की पहिल्या मिनिटातच लक्षात येते, इथे कोणी कोणाशी बोलत नाही. ओठांची हालचाल, हाताच्या खुणा, फार तर कानाशी तोंड नेऊन ओरडणे. दोन मागांमधली वाट इतकी चिंचोळी की अंग चोरूनच चालावे लागते. दोन्ही टोकांना पोलादी टोपण बसवलेला लाकडी धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे फेकला जातो. कधी वाट चुकला तर तो बाहेर उडतो आणि समोरच्याचा डोळा किंवा छाती गाठतो. मागाच्या बाजूची दातेरी चाके बहुतेक ठिकाणी उघडीच असतात. तुटलेला धागा जोडायला, रिकामी कांडी बदलायला कामगार वाकतो तेव्हा त्याची बोटे या चाकांपासून वीतभर अंतरावर असतात. मजुरी मीटरवर मिळते. माग जितका वेळ बंद तितके पैसे बुडाले, म्हणून चालत्या मागावरच हात घातला जातो. हवेत रुईचे तंतू तरंगत असतात, भुवया-पापण्यांवर त्यांचा थर बसतो. वाऱ्याने तंतू अधिक उडतात, सूत सुकते आणि तुटते. त्यामुळे मे महिन्यातही खिडक्या उघडत नाहीत.

मग कारखाना निरीक्षक कुठे असतो? याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. चोवीस मागांचा कारखाना धरू. एक कामगार सहा माग सांभाळतो, म्हणजे एका पाळीला चौघे आणि दोन पाळ्यांचे आठ. कांडी भरणारा, माग दुरुस्त करणारा जॉबर, देखरेख करणारा मेहता मिळवले तरी संख्या बारा-तेराच्या पुढे जात नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याला विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार पुरत होते. तेव्हा एकाच छपराखालचे माग भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावावर वाटून दहाच्या आत राहण्याची रीत पडली. त्या कायद्यातल्या कलम ८५ ने राज्य सरकारला लहान जागांनाही कायदा लावण्याची मुभा दिली होती. पण तपासणी दारापर्यंत आली तरच अशा कलमाला अर्थ. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखान्याची मर्यादा दहावरून वीसवर नेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली आहे. दहा माणसांच्या आस्थापनेवर काही सर्वसाधारण जबाबदाऱ्या त्या संहितेत आहेत खऱ्या, पण आपला चोवीस मागांचा कारखाना आता नावे न वाटताही 'कारखाना' ठरत नाही. त्यामुळे तिथे तुटलेले बोट कारखान्यांच्या अपघातांच्या सरकारी आकड्यांत येण्याची शक्यताच उरत नाही.

हे विशेष टोचते, कारण या मर्यादेचा इतिहास मुंबईतच घडला आहे. सोराबजी शापुरजी बंगाली या दानशूर पारशी गृहस्थांनी १८७८ मध्ये गिरण्यांतल्या बायकामुलांचे हाल पाहून कामाच्या तासांना आवर घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा तयार केला. दानधर्म करून त्यांना स्वस्थ बसता आले असते. त्यांनी आपली प्रतिष्ठा कायद्यासाठी खर्ची घातली आणि गिरणीमालकांचा रोष पत्करला. १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा आला, तो शंभर किंवा अधिक कामगारांच्या जागांपुरता. १८९१ मध्ये ही मर्यादा पन्नासवर आली, १९२२ मध्ये वीसवर, १९४८ मध्ये दहावर. केंद्रीय कायद्यात जवळजवळ सत्तर वर्षे खाली येत गेलेली ही संख्या २०२० मध्ये पुन्हा १९२२ च्या जागी जाऊन बसली.

१८८४ मध्ये मुंबईतच कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच निवेदनातले शेवटचे कलम मात्र फारसे कोणाला आठवत नाही. कामावर जबर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जन्माचे अपंगत्व आले तर त्याच्या निर्वाहाची सोय करावी, असे ते कलम होते. नुकसानभरपाईचा कायदा यायला त्यानंतर एकोणचाळीस वर्षे लागली. भिवंडीतल्या बहुसंख्य माग कामगारांसाठी लोखंड्यांचे ते कलम आजही मागणीच्याच अवस्थेत आहे.

आता भिवंडीतल्या दानाकडे वळू. हे शहर देण्यात मागे नाही. २०२० च्या टाळेबंदीत आग्रा रोडने पायी निघालेल्या मजुरांना इथल्या मोहल्ल्यांनी, मंडळांनी, गुरुद्वाऱ्यांनी जेवू घातले. त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली, अडतीसहून अधिक माणसे गेली. तेव्हाही बचाव पथकाच्या आधी शेजारीपाजारी ढिगाऱ्यावर चढले होते. रमजानात जकात निघते, गणपतीत रक्तदान होते. क्षयरोग्यांना 'निक्षय मित्र' योजनेखाली पोषण आहाराची पाकिटे देणारे दाते सगळीकडे पुढे येतात, हे चांगलेच आहे. पण ते पाकीट घेऊन सहा महिन्यांचा कोर्स पुरा करणारा माग कामगार पुन्हा त्याच बंद खिडक्यांच्या शेडमध्ये, त्याच तंतूंमध्ये उभा राहतो. ती खिडकी उघडण्याचा खर्च दात्यांच्या यादीत नसतो.

विम्याचेही असेच. बारीक हप्ता भरून कामगारांना पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत दाखल करणे हा संस्थांचा आवडता उपक्रम आहे. वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख, अंशतः अपंगत्वाला एक लाख. मात्र अंशतः अपंगत्व म्हणजे एक डोळा, एक हात किंवा एक पाय पूर्ण निकामी होणे. मागावर जातात ती बोटे, आणि बोटांना या योजनेत पैसा नाही.

बोटांचा हिशेब आहे तो १९२३ च्या भरपाई कायद्यात. त्या कायद्याची तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असे तिथले परिशिष्ट मानते, तर्जनी गेली तर १४ टक्के. पंचवीस वर्षांच्या, महिना पंधरा हजार मिळवणाऱ्या तरुणाचा अंगठा गेला असे समजा. मजुरीचे ६० टक्के म्हणजे नऊ हजार, त्याला वयाचा गुणक २१६.९१, आणि त्याचे ३० टक्के. रक्कम होते सुमारे पाच लाख पंच्याऐंशी हजार रुपये. विजेवर चालणाऱ्या मागांसाठी या कायद्यात किमान कामगारसंख्येची अट नव्हती. चार मागांच्या मालकालाही तो लागू होता. प्रत्यक्षात मलमपट्टीचा खर्च, काही हजार रुपये आणि गावाकडचे रेल्वे तिकीट यावर प्रकरण मिटते. शहरातल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयाच्या केसपेपरवर 'मागावर दुखापत' एवढे दोन शब्द लिहून घेणारे कोणी सोबत नसते, आणि तो कागद नसला की पुढचा दावा उभाच राहत नाही.

माझ्या मते धर्मादाय पैशाची खरी जागा इथे आहे, आणि हे काम महाराष्ट्राला नवे नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत काही डॉक्टर आणि कामगार कार्यकर्ते एकत्र आले आणि त्यांनी ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर ही स्वयंसेवी संस्था सुरू केली. शल्यचिकित्सक डॉ. व्ही. मुरलीधर आणि कार्यकर्ते विजय कान्हेरे ही त्यातली ठळक नावे. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आणि आवाजाने येणारा बहिरेपणा ही दोन्ही दुखणी राज्य कामगार विमा कायद्याच्या परिशिष्टात भरपाईयोग्य म्हणून नोंदलेली होती. पण त्यांचे निदान करून कामगाराला भरपाईपर्यंत नेणारे कोणी नव्हते. छाती सोमवारी जास्त का आवळते, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीच दम का लागतो, असे प्रश्न या मंडळींनी गिरणी कामगारांना विचारले. फुफ्फुसांची आणि कानांची मोजणी केली, अर्ज भरले, वैद्यकीय मंडळापुढे पाठपुरावा केला आणि भरपाई मिळवून दिली. वैद्यकीय नियतकालिकांत त्यावर लिहिले. पैसा फार नव्हता, चिकाटी होती. पुढे गिरण्याच बंद झाल्या. त्यांचे जुने माग भंगाराच्या भावाने बाहेर पडले, त्यातले कितीतरी भिवंडीत आले. हे मोजमापाचे काम मात्र मागांच्या मागोमाग इथे आले नाही.

अलीकडचे उदाहरण हरियाणातल्या मानेसरचे आहे. तिथली 'सेफ इन इंडिया' ही संस्था वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटे गमावलेल्या कामगारांना राज्य कामगार विमा महामंडळाचे लाभ मिळवून देते. तेवढ्यावर ती थांबत नाही. प्रत्येक जखमी माणसाची नोंद ठेवून २०१९ पासून ती 'क्रश्ड' नावाचा अहवाल काढते आणि ते आकडे मोठ्या वाहन कंपन्यांपुढे ठेवते. ज्यांची नोंद सरकारी आकड्यांत होत नव्हती त्यांची गणती एका धर्मादाय संस्थेने केली.

भिवंडीत हीच वाट थोडी अवघड आहे. मोटारीवर कंपनीचे नाव असते. भिवंडीतून निघते ते कोरे कापड. ते रंगाईला दुसऱ्या गावी जाते, तिसऱ्याच्या लेबलने विकले जाते. बांगलादेशात २०१३ मध्ये राणा प्लाझा कोसळून ११३४ माणसे गेली तेव्हा परदेशी ब्रँडना करारावर सही करावी लागली, कारण ढिगाऱ्यात त्यांची लेबले सापडत होती. शांतीनगर किंवा पद्मानगरच्या शेडमध्ये तसे लेबल सापडणार नाही. त्यातून इथला बारा-चोवीस मागांचा मालक पुष्कळदा व्यापाऱ्याचे सूत घेऊन मीटरमागे पैशांच्या हिशेबाने जॉबवर्क करणारा. त्याच्या गळ्यापर्यंत आलेले वीजबिल खरे असते.

म्हणून मागाला जाळी आणि चाकांना झाकण दात्यांनीच बसवून द्यावे, असा विचार सुचतो. तो मोहात पाडणारा असला तरी चुकीचा आहे. चाकाला पत्र्याचे झाकण घालणे हे मालकाचे कर्तव्य आहे; देणगीतून ते आले की कर्तव्याची मेहेरबानी होते आणि पुढच्या मागाला झाकण घालायला मालक पुढच्या दात्याची वाट पाहतो. पैशाची मदत लागत असेल तर ती सरकारने करावी, आणि तशी पद्धत आहेच. १ एप्रिल २०१७ ला 'पॉवरटेक्स इंडिया' योजनेची सुरुवात भिवंडीतच झाली. साध्या मागांना सुधारक जोडण्या बसवण्यासाठी तिच्यात सर्वसाधारण गटाला निम्मे अनुदान होते. ताण्याचा किंवा बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबावा, ही त्या जोडण्यांतली मुख्य सोय. कापडाचा दर्जा राखण्यासाठी एवढे करता आले, तर धोट्याची जाळी आणि चाकांची झाकणे त्याच यादीत घालायला हरकत कोणाची असणार?

कानात घालायची बोंडेही वाटून काही साधत नाही. ती वाटणे सोपे असते, छायाचित्रही चांगले येते. पण घामाने भिजलेल्या शेडमध्ये ती बारा तास कानात राहत नाहीत, आणि अनुभवी कामगार मागाचा बिघाड आवाजावरून ओळखतो, म्हणून तो ती स्वतःच काढून ठेवतो.

दात्यांनी करावे असे काम मोजण्याचे आणि कागद जपण्याचे आहे. माग कामगार एका शेडमध्ये टिकत नाही, दर थोडा वाढला की पलीकडच्या गल्लीत जातो. दहा वर्षांनी कान गेले तर कोणत्या मालकाला धरायचे? म्हणून नोंद मालकाकडे ठेवून उपयोग नाही, ती कामगाराच्या हातात हवी. पहिल्यांदा मागावर उभे राहताना त्याचे कान आणि छाती तपासावी, मग दरवर्षी तपासावी आणि कागद त्याच्याकडे द्यावा. यासाठी नवे रुग्णालय उभारायला नको. ज्या बिशीत म्हणजे खाणावळीत शेकडो कामगार पाळी बदलताना जेवायला येतात, तिच्या शेजारची एक शांत खोली पुरते. तिथेच एक कार्यकर्ता बसावा, ज्याला भोजपुरी, तेलुगू आणि मराठी अर्जाची भाषा येते. पंधरवड्याच्या पगाराची चिठ्ठी, बिशीच्या वहीतले नाव, मोबाइलवरचा मेहत्याचा निरोप हे सगळे नोकरीचे पुरावे होऊ शकतात, एवढे सांगणारा माणूस हवा.

यासाठी पैसा लांबून आणायलाही नको. मानकोली, पूर्णा, राहनाळच्या पट्ट्यातल्या गोदामांमधून देशभर माल पाठवणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन आहे. स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरता खर्च त्यात धरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आपल्या गोदामाची सुरक्षितता त्यांनी आपल्या खिशातून पाहावी. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्याची वर्धमान कंपाउंडमधली इमारत कोसळून आठ माणसे गेली, ती गोदामाचीच इमारत होती. पण शेजारच्या गल्लीतले माग कामगार त्यांचे कर्मचारी नाहीत. त्यांच्या कानांची आणि छातीची तपासणी त्याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या आरोग्यसेवेत सहज बसते. त्या परिशिष्टात कामाच्या ठिकाणची सुरक्षितता असा वेगळा शब्द आजवर नाही, तो घालण्याची मागणीही या कंपन्यांच्या संघटनांनी करावी. सोराबजी बंगालींनी मसुदा लिहिला तोही आपल्या वर्गातल्या माणसांना न आवडणारा होता.

भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. गेल्या वर्षी ज्याचे बोट मागात गेले आणि जो आता गोरखपूरला किंवा करीमनगरला घरी बसून आहे, त्याची मुदत अजून संपलेली नाही. भिवंडीसाठी यंदा काही द्यायचे ज्यांच्या मनात असेल, त्यांनी अशा एका माणसाचा केसपेपर शोधून त्याचा दावा दाखल होईपर्यंतचा खर्च उचलावा.