दोन गोळ्यांचं गिऱ्हाईक

संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात दिवसभर ओझी वाहून आलेला माणूस म्हणतो, “अंगदुखीच्या दोन गोळ्या द्या.” दुकानदार कात्री चालवतो आणि स्ट्रिपचा छोटा तुकडा त्याच्या हातात पडतो. औषधाचं नाव, किंमत, मुदत अनेकदा उरलेल्या तुकड्यावरच राहते. ज्याच्या खिशात पैसे कमी, त्यालाच माहितीही कमी मिळते.

वांगी आपण उलटीपालटी करून, भाव पाडून घेतो. गोळी घेताना मात्र गप्प राहतो. ठणकणारं अंग घासाघीस करू देत नाही. शिवाय औषधाचा भाव विचारणं म्हणजे जिवाशी चिक्कूपणा, असं कुठेतरी मनात असतं. ही समजूत सोडायला हवी.

साधी पॅरासिटामॉल घ्या. क्रोसिन, कॅल्पोल, डोलो ही नावं निरनिराळी असली, तरी त्यांच्या साध्या गोळीतलं औषध हेच. मात्रा तेवढी ५०० की ६५० मिलिग्रॅम, ते पाहायचं. हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्यामुळे, २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार सरकार त्याची कमाल किंमत ठरवतं. ५०० मिलिग्रॅमची गोळी साधारण रुपयाच्या घरात मिळते. त्यात कॅफिन किंवा दुसरं वेदनाशामक मिसळलं की हिशेब बदलतो. अशी अनेक मिश्रणं यादीबाहेर असतात आणि त्यांना ही कमाल किंमत लागू होत नाही. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या केंद्रांत तर औषध मूळ नावानेच, कमी दरात मिळतं. स्वस्त गोळी म्हणजे हलकी गोळी, असं नव्हे.

नाव वाचल्याने केवळ पैसेच वाचत नाहीत, धोकाही टळतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. डोकेदुखीची एक आणि सर्दीची एक घेणारा नकळत तेच औषध दोनदा घेतो. निरोगी प्रौढानेही दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडली, तर यकृताला इजा होऊ शकते. यकृत आधीच कमजोर असेल किंवा दारूची सवय असेल, तर धोका आणखी अलीकडे येतो.

म्हणून जाणत्यांची जबाबदारी मोठी. दुकानदारांनी स्ट्रिप कापताना पुडीवर औषधाचं नाव, किंमत आणि मुदत लिहून द्यावी. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आपणही घरकामाला येणाऱ्या मावशींना डोकं दुखतं म्हणून गोळी देताना तिचं नाव सांगावं, आज आधी काही घेतलंय का ते विचारावं आणि बाहेर ती केवढ्याला मिळते तेही सांगावं. आपण काय गिळतो आणि त्याचे किती पैसे देतो, हे कळण्याचा हक्क दोन गोळ्या घेणाऱ्यालाही अख्खी स्ट्रिप घेणाऱ्याइतकाच आहे.