कावळे आणि सारफथची विधवा

अहाब राजाच्या कारकीर्दींत इस्राएल देशांत पाऊस पडेनासा झाला, तेव्हां परमेश्वरानें आपला सेवक एलीया ह्याचें पोषण कसें केलें, हें १ राजे, अध्याय १७ ह्यांत आपण पुष्कळदां वाचलें असेल. तें अन्न कोणाकडून आलें, इतकेंच आज आम्ही पाहूं.

यार्देनेसमोरील करीथ ओहोळापाशीं एलीया लपून राहिला, आणि कावळे त्याला सकाळसंध्याकाळ भाकर व मांस आणून देत. कावळा कसा असतो हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. दहाव्या दिवशीं पिंडाला शिवावा म्हणून लोक त्याची वाट पाहतात, आणि एरवीं ओसरीवर आला तर हाकलून देतात. यहूदी मनुष्यास तर तो निषिद्धच होता. लेवीय ११:१५ ह्यांत सर्व जातींचे कावळे अमंगळांत गणले आहेत. कित्येक विद्वान म्हणतात कीं, मूळ इब्री शब्दाचे स्वर बदलून वाचिले तर कावळ्यांऐवजीं अरब लोक असा अर्थ निघतो. आम्हांस तें पटत नाहीं. आणि पटलें तरी परके ते परकेच. परमेश्वरापाशीं वेदीवर चालणारीं कबुतरें नव्हतीं काय? परंतु ईयोब ३८:४१ ह्यांत ज्याचीं पिलें अन्नावांचून देवाकडे ओरडतात असें सांगितलें आहे, त्याच पक्ष्याच्या चोंचींत त्यानें संदेष्ट्याची भाकर दिली.

पुढें ओहोळ आटला. उपदेशक बंधूंनीं येथें अंमळ थांबावें. एलीया आज्ञा मोडून तेथें गेला नव्हता. देवानेंच त्यास तेथें पाठविलें होतें, आणि तोच ओहोळ कोरडा पडला. आमच्या कित्येक मंडळ्या समुद्रापलीकडून येणाऱ्या मदतीवर वाढल्या. ती मदत आटली तेव्हां, देवानें आम्हांस सोडिलें, असें म्हणणारे थोडे नव्हते.

एलीयास दुसरी आज्ञा झाली ती सारफथास जाण्याची. हें गांव सोर व सीदोन ह्यांच्या दरम्यान, आजच्या लेबनॉन देशांत होतें. ईजबेल राणीचा बाप एथबाल सीदोन्यांचा राजा होता; म्हणजे ज्या बआलाविरुद्ध एलीया उभा राहिला, त्याच बआलाच्या मुलखांत त्याला भाकर मिळावयाची होती. आणि देणारी कोण? वेशीजवळ काटक्या वेंचणारी एक विधवा. मडक्यांत मूठभर पीठ, कुपींत थोडेंसें तेल; तेवढें मुलासह खावें आणि मरावें, असा तिचा विचार. परमेश्वराविषयीं बोलतांना ती "तुझा देव" असें म्हणते, "माझा" म्हणत नाहीं.

तिच्यापाशीं एलीयानें आधीं आपल्यासाठीं भाकर मागितली. वर्गणी गोळा करितांना कोणी कोणी हेंच वचन गरीब विधवांपुढें ठेवितात, त्यांस आमची विनंती कीं तसें करूं नये. पीठ सरणार नाहीं हें परमेश्वराचें वचन एलीयानें तिला दिलें, आणि तिचें पीठ घेऊन तो निघून गेला नाहीं. तिच्याच घरीं राहून त्याच मडक्यांतलें खात राहिला. मडकें भरून वाहूं लागलें असें शास्त्र म्हणत नाहीं. तें सरलें नाहीं, इतकेंच.

प्रभु येशूनें नासरेथांत ह्या विधवेची आठवण दिली (लूक ४:२५, २६), तेव्हां सभास्थानांतील लोक इतके संतापले कीं त्याला कड्यावरून लोटून देण्यास निघाले. देवाची देणगी परक्यांकडे गेली हें त्यांस सोसलें नाहीं. आमचें दुखणें उलट आहे. आमच्या वाडवडिलांच्या हातचें पाणी गांवांत चालत नसे, हें आम्ही विसरलों नाहीं. तरी विश्वासांत नसलेल्या शेजाऱ्याच्या हातून आलेलें घेण्यास आम्हीच कचरतों. मूर्तीच्या नैवेद्याची गोष्ट निराळी; त्याविषयीं पौल प्रेषितानें लिहिलें आहे. आम्ही साध्या शेजारधर्माविषयीं बोलत आहों. आमच्या ओळखीच्या एका उपदेशकाच्या घरीं टंचाईच्या दिवसांत शेजारच्या शेतकऱ्यानें दोन पायली ज्वारी पाठविली, ती त्यानें परत केली, आणि त्या रात्रीं मुलें उपाशी निजलीं. पुढें आम्ही त्याच्याकडे गेलों, तेव्हां हा अध्याय त्याच्यासह बसून वाचला. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग उठला, खुंटीवरची रिकामी पिशवी काढिली, आणि शेजाऱ्याच्या दारीं गेला.