आरसी

अब्बा छापखान्यात जुळारी होते. लहानपणी मी दुपारचा डबा घेऊन जात असे, तेव्हा ते उभ्यानेच खिळे जुळवताना दिसत. डाव्या हातात स्टिक, नजर हस्तलिखितावर आणि उजवा हात खिळ्यांच्या केसवर फिरणारा. 'क' कोणत्या घरात, रफार कोणत्या घरात, हे डोळ्यांना विचारावे लागत नसे. छापखान्यातल्या सगळ्या केसची मांडणी एकच होती. त्यामुळे एखादा जुळारी आजारी पडला तर दुसरा त्याच्या केससमोर उभा राहून काम पुरे करी. छपाई झाली की खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे. काम कंटाळवाणे, पण अब्बा ते सगळ्यांत जपून करीत. म्हणत, "जुळवताना चुकलं तर प्रुफात सापडतं. परत टाकताना चुकलं तर चूक आपली आणि शिव्या दुसऱ्याला."

या वाक्याचा अर्थ कळायला मला चाळीस वर्षे लागली.

मीही पुढे अक्षरांच्याच धंद्यात आलो, फक्त शिशाच्या जागी संगणक आला. पुस्तकांची अक्षरजुळणी मी लिनक्सवर करतो. मजकूर व्हिम नावाच्या संपादकात घ्यायचा आणि झीटेककडून त्याची पाने बांधून घ्यायची, अशी माझी पद्धत. या मंडळींचा एक गुण असा की, ती तुमच्या सवयीप्रमाणे वागायला तयार असतात. तुमची इच्छा एका साध्या फाइलीत ओळीओळीने लिहून ठेवायची. प्रोग्रॅम उघडताना ती फाइल वाचतो आणि तसा वागू लागतो. अक्षर केवढे, रंग कोणता, कोणते बटण दाबल्यावर काय व्हावे, सगळे तिथे लिहिलेले. माझी फाइल २००३ साली अकरा ओळींची होती. पुढे ती सातशेच्या वर गेली.

या फाइली सहसा दिसत नाहीत. त्यांच्या नावाची सुरुवात टिंबाने होते आणि टिंबाने सुरू होणारी नावे यादीत दाखवायची नाहीत, असा युनिक्सचा रिवाज आहे. हा रिवाज कोणी विचारपूर्वक घातला असेल, असे मला वाटे. पण युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ साली त्याची हकिकत लिहिली. 'हे दालन' आणि 'वरचे दालन' यांच्यासाठी एक टिंब आणि दोन टिंबे अशा दोन नोंदी होत्या. त्या यादीत येऊ नयेत म्हणून कोणीतरी सोपी वाट काढली : नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर ते नाव सोडून द्या. दोन नोंदी लपवायच्या होत्या. लपू लागली टिंबाने सुरू होणारी सगळीच नावे. मग लोकांनी आपापल्या सेटिंगच्या फाइली त्या आडोशाला ठेवल्या. एका माणसाने वाचवलेल्या क्षणभराच्या श्रमाचा असा जगभर रिवाज झाला.

यांतल्या पुष्कळ फाइलींच्या नावाच्या शेवटी 'आरसी' ही अक्षरे येतात. १९६०च्या दशकात एमआयटीतल्या एका संगणकप्रणालीवर 'रनकॉम' नावाची सोय होती. 'हुकूम चालवा' अशा अर्थाची. त्याचे हे लघुरूप. पण मराठी कानाला आरसी म्हणजे आरसाच ऐकू येतो, आणि ते फारसे चूक नाही. माणसाच्या सवयी, हट्ट, आळस, कधीकाळची अडचण, सगळे त्या फाइलीत उमटलेले असते. फरक इतकाच, की आरशात आपण रोज पाहतो. या आरसीत मी कित्येक वर्षे पाहिलेच नव्हते. भर तेवढी घालत होतो.

आता घडले ते सांगतो.

२०१८ साली माझ्यावर शस्त्रक्रिया झाली. हातात एका निवृत्त शिक्षकांचे पुस्तक होते. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, कोकणातल्या आपल्या गावाच्या आठवणी लिहिलेल्या, आयुष्यातले एकुलते एक पुस्तक. प्रकाशनाचा दिवस ठरलेला. शेवटची दोन प्रकरणे त्यांनी उशिरा दिली होती. माझा भाचा हे काम शिकत होता. त्याने ती आपल्या घरच्या संगणकावर टाइप केली, प्रुफे लेखकाकडून तपासून आणली, मग माझ्या टेबलाशी बसून चार-दोन दुरुस्त्या केल्या आणि पुस्तक छपाईला पाठवले. मी खाटेवर पडून समाधानाने मान हलवली.

पुस्तक आले. शेवटच्या दोन प्रकरणांत 'दऱ्या' होत्या तिथे 'दर्या' छापला गेला होता. गावच्या जेवणावळीतल्या 'आचाऱ्यांना' बोलावण्याऐवजी 'आचार्यांना' बोलावले गेले होते. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'तऱ्हा', सगळ्यांचा रफार झाला होता. मी भाच्याला नको ते बोललो. छपाईला देण्याआधी एकदा पाहायला काय झाले होते, मराठी येते की नाही, इथपर्यंत गेलो. तो एवढेच म्हणाला, "मामू, मी बरोबर टाइप केलं होतं. तपासलेली प्रुफं आहेत माझ्याकडे."

प्रुफे खरोखरच बिनचूक होती.

त्या रात्री मी आरसी उघडली. चारशेव्या ओळीच्या आसपास ती ओळ सापडली. तिचा हुकूम असा, की कोणतीही फाइल जपून ठेवण्याआधी तिच्यातली शून्य रुंदीची जोडखूण काढून टाकावी. ही खूण डोळ्यांना दिसत नाही. अक्षरे कशी जोडायची एवढेच ती सांगते. 'दऱ्या'तला र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत 'ऱ' हे वेगळे अक्षर वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि पुढे ही अदृश्य खूण. खूण गेली की र वर चढतो, रफार होतो आणि दरीचा दर्या होतो. मी नेहमी पहिल्या रीतीने लिहितो, त्यामुळे त्या ओळीने माझे कधीच काही बिघडवले नव्हते. भाचा दुसऱ्या रीतीने लिहीत होता. त्याचे चुकले नव्हते. दोन्ही रीती रूढ आहेत.

ही ओळ मी का लिहिली होती? ओळीपाशी अक्षरही लिहिलेले नव्हते. दोन दिवस डोके खाजवल्यावर आठवले. २००९ साली जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून आला होता. त्यात या खुणा वाळूसारख्या सांडलेल्या होत्या. त्या एका पुस्तकापुरता उपाय म्हणून ती ओळ घातली. पुस्तक संपले, ओळ राहिली. मी चुकीच्या घरात खिळा टाकला होता. नऊ वर्षांनी शिव्या भाच्याने खाल्ल्या.

इथे एक प्रश्न उभा राहतो. माझे यंत्र, माझी सोय. ती मी कशी मांडावी यात दुसऱ्याचा काय संबंध? हा युक्तिवाद मला पूर्वी बिनतोड वाटे आणि आजही तो सगळाच खोटा वाटत नाही. हाताला जे सोयीचे ते माणसाने करून घ्यावे. सगळ्यांना एका मापाचे कपडे शिवणारा शिंपी काही मोठा समतावादी ठरत नाही. छापखान्यात केस सगळ्यांची एक असली, तरी अब्बांची स्टिक त्यांची स्वतःची होती. अंगठ्याने झिजलेली ती स्टिक ते दुसऱ्याला देत नसत आणि त्यात कोणाला गैर वाटत नसे.

मला वाटते, भेद इथेच आहे. स्टिक फक्त आपल्या हाताशी बोलते. केसमधून मजकूर बाहेर जातो. माझ्या पडद्याचा रंग, अक्षराचा आकार, बटणांची जागा ही माझी स्टिक. पण जी ओळ मजकुरालाच हात घालते, ती मी कितीही एकट्याने लिहिली तरी माझ्यापुरती राहत नाही. तिचे फळ लेखकाच्या, वाचकाच्या, उद्या माझ्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या पदरात पडते. 'वैयक्तिक' हा शब्द मी या दोन्हींना सरसकट लावत होतो. माझी चूक तिथून सुरू झाली.

दुसरी गोष्ट कारणाची. सोय कारणातून जन्मते. कारण संपले की उरते ती सवय. संपादकात बाणांऐवजी एच, जे, के, एल या बटणांनी इकडेतिकडे जाण्याची रीत आहे. बिल जॉय यांनी व्हिमचा पूर्वज 'व्हीआय' १९७०च्या दशकात ज्या टर्मिनलवर लिहिला, त्याच्या त्या चार बटणांवरच बाण छापलेले होते. ते टर्मिनल कधीच अडगळीत गेले. आपली बोटे अजून त्या बाणांवरून चालतात. अशी सवय निरुपद्रवी असते, कारण ती कशातून आली हे ठाऊक आहे आणि हवी तेव्हा सोडता येते. ज्या ओळीचे कारण आपल्यालाच सांगता येत नाही, तिच्या बाबतीत मालक कोण आणि चाकर कोण? नऊ वर्षांपूर्वीच्या माझ्या हुकमाखाली मी मुकाट्याने राबत होतो, आणि मनात समजत होतो की यंत्र माझ्या हुकमात आहे.

माझ्या फाइलींतला प्रत्येक बदल मी गिटमध्ये ठेवत होतो. लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेली ही आज्ञावली कोणती ओळ कोणत्या दिवशी आली, हे चोख सांगते. त्या ओळीची तारीखही तिने लगेच दिली. पण 'का' हे तिला विचारून उपयोग नसतो. ते माणसानेच लिहून ठेवावे लागते आणि त्या दिवशी मी ते लिहिले नव्हते.

मी भाच्याची माफी मागितली. मोठ्याने लहानाची माफी मागायची रीत आमच्या घरात फारशी नाही. तो अवघडून चहा करायला उठून गेला. मग आम्ही दोघे शुद्धिपत्र घेऊन लेखकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. म्हणाले, "दऱ्यांचा दर्या केलात. असू दे, दोन्ही आमच्या गावचेच. पण आचारी बिचारा आचार्य झाला, त्याला पगार वाढवून द्यावा लागेल." तीनशे प्रतींत आम्ही शुद्धिपत्र चिकटवले. त्यांच्या थट्टेने मला हलके वाटायला हवे होते, तसे वाटले नाही.

तेव्हापासून दरवर्षी एक दिवस मी आरसीसमोर बसतो. नवे काही घालत नाही, फक्त वाचतो. प्रत्येक ओळीवर तारीख आणि कारण लिहितो. कारण सांगता आले नाही तर ओळ पुसतो. सातशेंच्या एकशेचाळीस झाल्या आहेत. मजकुराला हात घालणाऱ्या ओळी आता वेगळ्या आहेत, त्या मागितल्याशिवाय चालत नाहीत. आणि माझ्या संगणकावर दुसऱ्या कोणासाठी एक साधे खाते आहे, त्यात माझी एकही ओळ नाही.

गेल्या खेपेला भाचा शेजारी बसला होता. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "मामू, ही कशासाठी?" मी बराच वेळ पाहत राहिलो आणि ती पुसून टाकली.